गोबरगॅसच्या विहिरीतला जमाखर्च

साकोली तालुक्यातलं एकोडी हे भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातलं गाव. जिथं धानाच्या बांध्या, तिथं गुरं. आणि गुरं तिथं शेण. अशाच गावांसाठी खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं १९६२ साली जशभाई पटेल यांच्या गोबरगॅस संयंत्राचा आराखडा हाती घेतला. विटांची विहीर, तिच्यावर उपडं लोखंडी पिंप. गॅस साठला की पिंप वर येतं, चूल पेटली की खाली बसतं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं, तेवढंच पाणी घालून कालवलेलं.

आतले कामगार मात्र फार गरीब.

शेणापासून आधी ॲसेटिक आम्ल बनतं, आणि बराचसा मिथेन त्यातूनच येतो. एक मोल ॲसेटिक आम्ल हवेत पूर्ण जाळलं तर सुमारे ८५० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. विहिरीत हवा नसते, म्हणून मिथेन करणाऱ्या जिवाणूसदृश जिवांच्या वाट्याला जेमतेम ३१ किलोज्यूल येतात. उरलेली ऊर्जा मिथेनमध्येच राहते. आपली चूल पेटते ती या उरलेल्यावर!

त्या ३१ चंही सगळं वाढीला लागत नाही. बैल जुंपला नाही तरी वैरण खातोच. जॉन पर्ट यांनी १९६५ साली हेच समीकरणात मांडलं: एकूण खाणं म्हणजे वाढीचा खर्च अधिक नुसतं जिवंत राहण्याचा खर्च. वाढ जितकी मंद, तितका या दुसऱ्या खर्चाचा हिस्सा मोठा. १९९३ साली टायहुइस आणि सहकाऱ्यांनी अनेक सूक्ष्मजीवांची मोजमापं एकत्र केली. सुमारे पंचवीस ग्रॅम कोरड्या पेशींना २५ अंशांवर तासाला साधारण ४.५ किलोज्यूल लागतात, असं त्यातून निघालं; ३५ अंशांवर जवळपास अडीचपट. ३१ च्या मिळकतीनं भागलं तर, अगदी ढोबळ हिशेबात, या पेशींना २५ अंशांवरही केवळ तग धरायला दिवसाला दोनशे ग्रॅम ॲसेटिक आम्ल हवं, म्हणजे वजनाच्या आठपट.

म्हणूनच त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. त्याआधीच शेणपाण्याची मळी बाहेर ढकलली तर जीव वाहून जातात आणि गॅस बंद पडतो. आयोगाच्या नमुन्यांत मळी ३०, ४० किंवा ५५ दिवस मुरते. जितका थंड प्रदेश तितके जास्त दिवस. थंडीत गॅस कमी झाला म्हणून जास्त शेण ओतण्याचा मोह होतो, पण त्यानं मळीचा मुक्काम आणखी घटतो. उन्हाळ्यात उलटी अडचण: तग धरण्याचाच खर्च वाढलेला असतो, त्यामुळे पर्ट यांच्या हिशेबानं शेण घालण्यातला खंड तेव्हा जास्त महाग पडावा.