प्यूरिटन श्रद्धा आणि अमेरिकेचें आद्य वाङ्मय

इ. स. १६३० मध्यें जॉन विन्थ्रॉप याच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडांतील प्यूरिटन पंथीयांचा मोठा समुदाय अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथें उतरला. उपासनेंतील सारा थाटमाट काढून धर्म शुद्ध करावा, हा त्यांचा आग्रह. कोणास तारावयाचें हें ईश्वरानें आधींच ठरविलें आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. मग त्या निवडलेल्यांत आपण आहों कीं नाहीं? या प्रश्नानें त्यांस कधीं स्वस्थ बसूं दिलें नाहीं. आणि त्यांचें वाङ्मय बव्हंशीं या अस्वस्थतेंतूनच जन्मास आलें.

उत्तर शोधावयाचें तें बायबलांत व स्वतःच्या मनांत. बायबल ज्याचें त्यानें वाचावयाचें, म्हणून अक्षरओळख हें धर्मकर्तव्य ठरलें. वसाहत पुरती स्थिरावली नव्हती तोंच, १६३६ सालीं, हार्वर्ड कॉलेजाची स्थापना झाली. १६४७ चा कायदा तर मोठा मौजेचा आहे. मनुष्यास शास्त्रापासून दूर ठेवणें हा सैतानाचा मुख्य डाव, असें कारण देऊन त्यानें ५० कुटुंबांच्या गांवास शिक्षक नेमावयास व १०० कुटुंबांच्या गांवास वरच्या शिक्षणाची शाळा काढावयास लावलें. शाळेसाठीं सैतानाची साक्ष क्वचितच कोणी काढली असेल! १८१३ सालीं मुंबईस येऊन पुढें मराठी शाळा व छापखाना काढणारे अमेरिकन मिशनरी याच परंपरेचे वारस होत.

मनाच्या झडतीसाठीं रोजनिशी होती. नाटकें निषिद्ध, परंतु मन कोठें ढळलें याची नोंद मात्र कसोशीनें व्हावयाची. मूल आजारी पडो वा पीक बुडो, त्यांत ईश्वरी संकेत शोधावयाचा. १६६६ सालीं घर जळालें तेव्हां अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट या कवयित्रीनें लिहिलेल्या कवितेंत गेलेल्या चीजवस्तूंविषयीं हळहळ आहे, आणि त्या हळहळीबद्दल स्वतःची कानउघाडणीही आहे.

मात्र सर्वत्र संकेत पाहणाऱ्या या दृष्टीस १६९२ सालीं सेलम येथें शेजाऱ्यांतच सैतान दिसूं लागला. चेटकाच्या आरोपावरून १९ जणांस फांशीं दिलें. एक वृद्ध शेतकरी आरोपास उत्तर देईना, तो दगडांखालीं चिरडून मेला. न्यायाधीशांपैकीं सॅम्युएल स्यूअल हा नित्य रोजनिशी लिहिणारा. पांच वर्षांनीं, १६९७ सालीं, बोस्टनच्या प्रार्थनामंदिरांत तो सर्वांसमक्ष उभा राहिला. धर्मोपदेशकानें त्याचा लेखी कबुलीजबाब वाचला, आणि त्या खटल्यांचा दोष व लज्जा त्यानें आपल्या माथीं घेतली. ज्या आत्मपरीक्षणाच्या संवयीनें भ्रम पोसला, तिनेंच त्याला शुद्धीवर आणलें. १७०० सालीं त्यानें गुलामगिरीविरुद्धही पुस्तिका लिहिली.

त्याच्याच बरोबरीचा न्यायाधीश जॉन हॅथॉर्न यानें असें कांहीं केलें नाहीं. तें काम त्याच्या खापरपणतूकडे आलें. नॅथॅनिएल हॉथॉर्न यानें १८५० सालच्या ‘स्कार्लेट लेटर’ या कादंबरींत, उघड शिक्षा भोगणारी स्त्री व पाप मनांत दडवून झुरणारा धर्मोपदेशक यांची कथा लिहिली. आणि तिच्या प्रस्तावनेंत आपल्या पूर्वजांची लज्जा स्वतःवर घेतली.