एका नावाचे दोन धनी: ड्रायव्हरच्या हेडर फाइलमधली नावे

प्रिंटर, कॅमेरा किंवा बॅटरी मोजणारी चिप यांच्याकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर. लिनक्समधले बहुतेक ड्रायव्हर सी भाषेत लिहिलेले आहेत. अनेक ड्रायव्हरांना लागणारे स्थिरांक आणि फंक्शनांच्या घोषणा सामाईक हेडर फाइलमध्ये ठेवतात. 'इन्क्लूड' लिहिले की त्या फाइलचा मजकूर जसाच्या तसा ड्रायव्हरमध्ये ओतला जातो. सी प्लस प्लसमध्ये असलेली 'नेमस्पेस'ची, म्हणजे नावांचे वेगळे गट पाडण्याची सोय सीमध्ये नाही. त्यामुळे दोन हेडरांनी 'रीसेट' हे एकच नाव वेगळ्या अर्थाने घेतले, की कम्पायलर अडून बसतो.

बुलढाणा जिल्ह्याने ही अडचण गावांच्या बाबतीत केव्हाच सोडवली आहे. देऊळगाव राजा आणि देऊळगाव मही एकाच तालुक्यात आहेत. नुसते 'देऊळगाव' म्हणून भागत नाही. शेजारच्या जिल्ह्याचे नावच जळगाव, म्हणून इकडचे जळगाव 'जामोद' जोडून सांगावे लागते. सीमधला उपायही हाच, फक्त जोड नावाच्या आधी लागते: यूएसबीच्या सामाईक फंक्शनांची नावे 'यूएसबी' ने सुरू होतात, इंटेलच्या एका जुन्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमधली 'ई१०००' ने.

सर्वांत त्रासदायक नावे मॅक्रोंची. मॅक्रो ही निव्वळ शब्दांची अदलाबदल. कंस, फंक्शन, कशाचीच हद्द ती मानत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 'करंट' हा मॅक्रो आहे आणि त्याचा अर्थ 'सध्या चालू असलेली प्रक्रिया'. वीजप्रवाह मोजणाऱ्या ड्रायव्हरच्या लेखकाने साहजिकच आपल्या चलाला 'करंट' नाव दिले, तर त्या जागी गुपचूप एक फंक्शन येऊन बसते आणि त्रुटीचा संदेश भलत्याच गोष्टीबद्दल बोलू लागतो. विंडोजच्या मुख्य हेडरमधल्या 'मिन' आणि 'मॅक्स' या मॅक्रोंनीही असाच ताप दिला. ते बंद करण्यासाठी वेगळी खूण ठेवावी लागली.

हेडर दोनदा शिरू नये म्हणून 'इन्क्लूड गार्ड' लावतात. नावांची टक्कर त्याने टळते, हा गैरसमज आहे. उलट दोन फाइलींनी गार्डला एकच नाव दिले, तर दुसरी फाइल चक्क कोरी ठरते. म्हणून गार्डच्या नावातही फाइलचा पूर्ण मार्ग असावा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे हेडरमध्ये कमीत कमी ठेवणे. जे फंक्शन एकाच फाइलला लागते, ते तिथेच 'स्टॅटिक' करून ठेवले की फाइली एकत्र जोडणाऱ्या लिंकरपुढे त्याचे नाव इतर फाइलींतल्या नावांशी भिडत नाही. लिनक्सने २०१२ मध्ये सामान्य प्रोग्रॅमांसाठीची हेडरे कर्नलच्या अंतर्गत हेडरांपासून वेगळी काढली. २०१९ च्या ५.४ आवृत्तीत बाहेर, म्हणजे कर्नलला जोडता येणाऱ्या मोड्यूलांना वापरायला दिलेल्या फंक्शनांसाठी 'सिम्बॉल नेमस्पेस' आली. पण कोणते मोड्यूल काय वापरू शकते, एवढेच ती ठरवते. एकाच नावाची दोन फंक्शने बाहेर देण्याची मुभा तिनेही दिलेली नाही.