ट्रॉली जोडून लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी

दिवाळीच्या सुमारास आमच्या सीमाभागात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. बीडकडून तोडणी कामगारांच्या टोळ्या ट्रॉलीत संसार घालून शेकडो किलोमीटर अंतर तोडीत येतात. पुढे कित्येक महिने रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या कारखान्याची वाट धरतात. आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांचे पोट या ट्रॅक्टरवर आहे. म्हणून या महिन्यात ट्रॉलीच्या प्रवासाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील थंडीने डिझेल गोठत नाही की रस्त्यावर बर्फ साचत नाही. आपल्या हिवाळ्याचा धोका निराळा आहे. डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, रात्र लांबते, पहाटे धुके उतरते आणि उघड्या सीटवर बसलेला चालक गारठतो. चालकाची नजर पुढे असते. अपघात मात्र पुष्कळदा मागून होतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते. तिच्या मंद दिव्यात 30-40 मीटरपलीकडचे धड दिसत नाही. म्हणजे दिवा नसलेली ट्रॉली दृष्टीस पडल्यावर त्या तरुणाच्या हाती जेमतेम दोन सेकंद उरतात. तेवढ्यात ब्रेक लागत नाही.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. ट्रॉलीच्या मागे लाल, दोन्ही बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी अशा रेडियमच्या पट्ट्या लावाव्यात. ऊस बाहेर लोंबून त्या झाकल्या तर लावून न लावल्यासारखेच. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना लावाव्यात. रोज निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने धूळ पुसावी. मागचे दिवे व इंडिकेटर लागतात की नाही, हे दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावे.

दुसरी गोष्ट जोडणीची व ब्रेकची. 45-50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण दोन टन असते, भरलेली ट्रॉली त्याच्या कित्येक पट जड, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. थांबवायचे सारे काम ट्रॅक्टरवर पडते. म्हणून हूक झिजला आहे का ते पाहावे. पिन योग्य मापाची घालून तिला क्लिप लावावी. सळईचा तुकडा ठोकून काम भागवू नये. जोडीला एक मजबूत साखळी असावी. चाकांचे नट, बेअरिंगचे ग्रीस आणि टायरमधील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी.

शेतात वळण घेण्यासाठी आपण डावा व उजवा ब्रेक वेगळा ठेवतो. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल खिटीने जोडलेच पाहिजेत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला उलटवते. उतार लागण्याआधीच लहान गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणे म्हणजे चार पैशांसाठी जीव पणास लावणे होय. चढावर स्टिअरिंग एकाएकी हलके लागले तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जात आहे असे समजावे. तेथे भार कमी करण्यावाचून उपाय नाही.

आता माणसांविषयी. ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, माणसे बसविण्यासाठी नाही. उसावर किंवा जोडणीच्या दांडीवर बसलेले लेकरू एका धक्क्याने चाकाखाली जाते. लांबच्या प्रवासात बायामुलांना व म्हाताऱ्यांना एस.टी.ने पाठवावे. टोळी ठरवितानाच हा खर्च मुकादमाशी बोलून घ्यावा. उचल घेणारा गरीब माणूस तो आपणहून मागणार नाही. मालकानेच विचारावे; हा न्यायाचाच भाग आहे.

चालकाने कान झाकणारी टोपी, जाड सदरा व बंद बूट घालावेत. थंडीवर दारूचा उतारा आहे ही समजूत घातक आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, ऊब आल्याचा भास होतो, पण अंगातली उष्णता बाहेर निघून जाते आणि हात-डोळे मंदावतात. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात झोपेचा अंमल सर्वांत अधिक असतो. डोळे जड झाले की रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबावे व घटकाभर झोपावे. मोठ्याने गाणी लावू नयेत. मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही.

ट्रॉली बंद पडली तर ती शक्य तितकी रस्त्याबाहेर घ्यावी, दिवे चालू ठेवावेत आणि सुमारे 50 मीटर मागे लाल त्रिकोण ठेवावा. चाकांना उटी म्हणून लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकावेत. आपले काम झाले म्हणून दगड तसाच सोडून जाणारा मनुष्य पुढच्या दुचाकीस्वारासाठी सापळा लावून जातो.

आणि वाटेत कोणी जखमी दिसला तर? 108 किंवा 112 वर फोन करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. मान-पाठ दुखावली असेल तर, आगीसारखा धोका नसल्यास, त्याला हलवू नये. पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाण्याचे कारण आता उरलेले नाही. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे 2025 पासूनच्या केंद्रीय योजनेत अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. प्रभू येशूने सांगितलेला दयाळू शोमरोनीही यरीहोच्या रस्त्यावरचा प्रवासीच होता. त्याला घाई नव्हती असे शास्त्रात कोठे म्हटलेले नाही.

नवा ट्रॅक्टर घेतला की आपण तो चर्चच्या दारी आशीर्वादासाठी आणता, याचा आम्हांस आनंद आहे. पुढे क्रूस लावता, फुले लावता. येताना ट्रॉलीही जोडून आणावी. पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी आम्ही तिच्या मागे जाऊन लाल पट्टी आहे की नाही ते पाहणार आहोत.