अजिंठ्याच्या छतावरचा पेला

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरलं की पाय आपोआप गर्भगृहाकडे चालू लागतात. दाराच्या एका बाजूला पद्मपाणी, दुसऱ्या बाजूला वज्रपाणी, आत धर्मचक्र प्रवर्तन करणारे बुद्ध. छताकडे पाहायला फारसं कुणाला सुचत नाही. पण वीस खांबांनी तोललेलं हे छत एखाद्या राजमंडपाच्या चांदव्यासारखं चौकटी-चौकटींनी रंगवलेलं आहे. कमळं, आंबे, हंस, हत्ती, लठ्ठ पोटाचे गण. आणि या सगळ्यांत एक परदेशी माणूस, हातात पेला घेऊन ऐसपैस बसलेला.

दाढीवाला आहे. डोक्यावर टोकदार टोपी, तिला फडफडणाऱ्या फिती, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा. पायांत चक्क मोजे आहेत, तेही पट्ट्यापट्ट्यांचे. शेजारी बायको किंवा प्रेयसी. मागं दासी उभ्या, पुढ्यात सेवक, मद्याची सुरई तयार. अशी चौकट छतावर एकाच ठिकाणी नाही. थोड्याफार फरकानं ती पुन्हा येते. म्हणजे कुणा चित्रकाराला आलेली ही क्षणाची लहर नव्हती, आराखड्यातच त्या माणसाची जागा ठरलेली होती.

एका पेयाचा सांस्कृतिक इतिहास सांगणारी मिश्र माध्यमातली शिल्पं आजकाल कलादालनांत मांडली जातात. काच, माती, धातू, चित्र, जुन्या वस्तू एकत्र आणून एखाद्या मद्याचा प्रवास उलगडायचा, अशी त्यांची रीत. छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, वाघुर नदीच्या नालाकृती दरीत, पंधराशे वर्षांपूर्वी हेच काम झालेलं आहे असं माझं मत आहे. लेणं म्हणजे आधी शिल्प: बेसॉल्टचा डोंगर वरून खाली, बाहेरून आत कोरत नेलेला. त्यावर माती, त्यावर चुना, त्यावर रंग. आणि त्या रंगांत द्राक्षाच्या मद्याची एक मोठी गोष्ट.

आधी साहित्य पाहू, कारण गोष्ट साहित्यातच दडलेली आहे. छिन्नीनं कोरलेला कातळ गुळगुळीत न करता मुद्दाम खडबडीत ठेवत, म्हणजे गिलावा धरून राहतो. गिलाव्याची माती लोहयुक्त, तांबूस. तिच्यात भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे धागे कालवलेले. वर बारीक मातीचा दुसरा हात, मग चुन्याची पातळ सफेदी. ती सुकल्यावर चिकट द्रव्यात खललेले रंग लावत. म्हणून ही ओल्या गिलाव्यावरची चित्रं नव्हेत. युरोपातल्या भित्तिचित्रांचं नाव त्यांना सर्रास दिलं जातं, ते चुकीचं आहे. गेरू, पिवळी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा. हिरवी माती तर इथल्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडते. बहुतेक सगळा ऐवज असा आसपासचा.

अपवाद एकच, निळा. पाचव्या शतकातल्या, वाकाटक काळातल्या चित्रांत, पहिल्या लेण्याच्या छतावरसुद्धा, जो गडद निळा जागोजाग दिसतो तो लाजवर्द या दगडाची पूड करून केलेला आहे. त्या काळी लाजवर्दाची मोठी खाण होती बदख्शानात, आजच्या अफगाणिस्तानच्या ईशान्येला, हिंदुकुशाच्या पलीकडे. हिंदुकुशाच्या अलीकडे काबूलच्या उत्तरेला कापिशी नगरी होती, आजचं बेग्राम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्यांची यादी आहे: तांदळाचं मेदक, कवठाचं आसव, गूळ आणि मिरी-पिंपळी घातलेलं मैरेय. या सगळ्यांच्या कृती दिल्या आहेत. द्राक्षाचं मद्य, म्हणजे ‘मधु’, आलं की मात्र ते कुठून येतं यावरून त्याची नावं सांगितली आहेत, आणि त्यांतलं एक ‘कापिशायन’. पाणिनीच्या व्याकरणातही कापिशीवरून हा शब्द साधायचं सूत्र आहे. गावाच्या नावानं मद्य ओळखलं जाण्याइतकी कापिशीची ख्याती होती.

ज्या मुलखातून पेल्यातलं मद्य यायचं, त्याच मुलखातून तो पेला रंगवणाऱ्याच्या वाटीतला निळा यायचा. वाट एक, व्यापारी एक, बहुधा खेचरंही तीच. छतावरचा माणूस आणि त्याच्या आजूबाजूचा रंग हे दोघंही दूरदेशाहून आलेले पाहुणे आहेत. मला हे चित्र भुरळ घालतं ते त्यामुळं.

बेग्रामला 1937 ते 1939 दरम्यान फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना भिंतीनं बंद केलेल्या दोन खोल्या सापडल्या. त्यांत भारतीय हस्तिदंताचं कोरीव काम होतं, चिनी लाखकाम होतं आणि भूमध्य समुद्राकडून आलेले काचेचे रंगीत पेले होते. द्राक्षांच्या मुलखात पेलेही दूरदेशांतून गोळा झालेले.

समुद्रावरची वाट वेगळी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे. इटलीच्या मद्याला पसंती, शिवाय सीरियाकडच्या लाओडिकियाचं आणि अरबस्तानचं. राजासाठी न्यायच्या खास वस्तूंत चांदीची भांडी, गाणारे दास आणि उंची मद्य. त्याच पुस्तिकेत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असा हिशेब दिलेला आहे. संभाजीनगरपासून जवळच असलेल्या नेवाशाला प्रवरेच्या काठी ह. धी. सांकळियांनी 1954 ते 1956 मध्ये उत्खनन केलं, तेव्हा रोमन बनावटीच्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरं निघाली. महाराष्ट्राच्या मातीत इटलीची खापरं निघावीत याचं तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं!

पुढच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरची अशी पुष्कळशी खापरं पुन्हा तपासली गेली. त्यांतली बरीच रोमन नव्हतीच. ती निघाली इराणी आखाताकडच्या लांबोळक्या रांजणांची. त्यांना कान नसतात, बूड निमुळतं असतं आणि आतून डांबर लिंपलेलं असतं. मद्य किंवा खजुराचा पाक पाझरू नये यासाठी डांबर. मुंबईजवळच्या घारापुरीलाही असे रांजण मिळाले आहेत. ससानी इराणच्या काळातला हा व्यापार, आणि अजिंठ्याचं वाकाटक पर्व त्याच काळातलं. छतावरचा टोपीवाला आता इतका अनोळखी वाटत नाही. आपल्या बंदरांत तो दिसत असला पाहिजे, घाट चढून पैठणच्या वाटेलाही लागत असला पाहिजे. मोज्यांचे पट्टे ऐकीव माहितीवर कुणी रंगवत नाही.

या माणसाची ओळख पटवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न जेम्स फर्ग्युसन यांचा. 1879 मध्ये त्यांनी मांडलं की हा इराणचा सम्राट दुसरा खुसरो आणि शेजारची त्याची लाडकी शिरीन. त्याच लेण्यातल्या एका भिंतीवर परदेशी लोक राजदरबारात नजराणे घेऊन आलेले दिसतात, ते म्हणे चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीकडे आलेलं खुसरोचं शिष्टमंडळ. अरबीत लिहिणाऱ्या तबरी या इराणी इतिहासकाराच्या ग्रंथात भारतीय राजाशी झालेल्या देवघेवीचा उल्लेख असल्यानं ही कल्पना पक्की रुजली. इतकी, की आजही दरबाराचं ते चित्र ‘इराणी वकिलात’ म्हणूनच दाखवलं जातं.

अडचण काळाची आहे. खुसरो आणि पुलकेशी सातव्या शतकातले. ही लेणी मात्र वाकाटक सम्राट हरिषेणाच्या राजवटीतली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. वॉल्टर स्पिंक यांनी अख्खं आयुष्य अजिंठ्याला वाहून हा काळ जवळजवळ वर्षावर्षानं लावत आणला. त्यांच्या काही तारखांवर वाद आहेत, पण दीडशे वर्षं पुढं सरकण्याइतके नाहीत. दरबाराचं चित्र आता महासुदर्शन राजाच्या कथेतलं मानलं जातं. छतावरच्या पेलेवाल्यात काही अभ्यासकांना यक्षांचा राजा कुबेर दिसतो. यक्ष मद्यप्रिय, कुबेर धनाचा स्वामी. संपन्नतेचं चिन्ह म्हणून त्याला परदेशी सावकाराचा वेष दिला असेल, ही शक्यता मला खुसरोपेक्षा कितीतरी सरस वाटते. पुढच्याच लेण्यात, दोन क्रमांकाच्या, पांचिक यक्ष आणि हारिती यांची कोरीव जोडी स्वतंत्र देवळीत बसलेली आहे. यक्षांना या विहारांत मानाचं स्थान होतं.

तरी एक प्रश्न उरतो. ज्या विहारात भिक्खू राहायचे, ज्यांना मद्याचा थेंबही वर्ज्य, त्यांच्या डोक्यावर हा पानोत्सव कशासाठी? पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे आणि ते गृहस्थांनाही लागू आहे. विनयपिटकात या नियमामागची कथाच दिली आहे. स्वागत नावाच्या थेर भिक्खूनं एका उग्र नागाला आपल्या तेजानं नमवलं. कौशांबीच्या लोकांना त्याचं काय करू नि काय नको असं झालं. घरोघरी त्याला मद्य पाजलं गेलं आणि नगराच्या वेशीशी तो कोसळला. नागाला नमवणारा आता साध्या पाण्यातल्या सापाला तरी नमवू शकेल का, असं बुद्धांनी विचारलं आणि भिक्खूंसाठी मद्यपान हा अपराध ठरला.

माझं उत्तर सतराव्या लेण्यात आहे. हरिषेणाच्या मांडलिक राजानं दान दिलेल्या या लेण्याच्या ओसरीत विश्वंतराची गोष्ट रंगवलेली आहे. राजपुत्रानं राज्याचा मंगल हत्ती दान दिला म्हणून त्याला वनवास झाला आहे. ती बातमी तो आपल्या बायकोला, माद्रीला, सांगतो आहे. ती त्याच्या अंगावर कलंडली आहे, आणि तो तिला सावरायला मद्याचा पेला देऊ पाहतो आहे. कोसळलेल्या माणसाला घोटभर काही पाजून शुद्धीवर ठेवावं, तसा तो पेला. हा विश्वंतर कोण? बुद्धांचा आदला मनुष्यजन्म. ओसरीच्या त्याच भिंतीवर, गर्भगृहाकडे नेणाऱ्या दाराच्या वर, सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय ओळीनं बसलेले, आणि त्यांच्या खाली प्रेमात रमलेल्या जोड्या.

चित्रकारांनी मद्याला शिवी दिली नाही आणि त्याची भलामणही केली नाही. ते जिथं जिथं होतं तिथं त्यांनी ते दाखवलं: दरबारी थाटात, परदेशी पाहुण्याच्या हातात, दुःखानं खचलेल्या बायकोच्या ओठांशी. भिक्खूंनी जे सोडलं, ते किती सुंदर, किती मोहक, कधी कधी किती दयाळूसुद्धा असू शकतं हे न लपवता. त्यागाची किंमत कळायची तर जे सोडलं ते पूर्ण रंगात समोर हवं, अशी या कलावंतांची श्रद्धा असावी. निदान मला ती प्रत्येक भिंतीवर दिसते.

लेणी निर्मनुष्य होऊ लागल्यावरही या मुलखातलं मद्य काही संपलं नाही. सातव्या शतकात, 641 च्या सुमाराला, चिनी यात्रेकरू युआन श्वांग महाराष्ट्रात आला. इथले शूर योद्धे लढाईआधी मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, असं त्यानं लिहून ठेवलं. त्याच प्रवासवर्णनात अंधाऱ्या दरीतल्या, दाराशी दगडी हत्ती असलेल्या विहाराचं वर्णन आहे, आणि सोळाव्या लेण्याखालचे ते हत्ती आजही उभे आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा तिथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येत होती. कापिशीहून येणारी चीज देवगिरीच्या पायथ्याशी वेलीवर लागलेली होती.

नशेचा विषय निघालाच आहे, तर वेरूळची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. तिथल्या गिलाव्याच्या मातीत भांगेचे धागे मिसळलेले असल्याचं पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ मॅनेजर सिंग आणि इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. किड्यांनी अजिंठ्याचा गिलावा पुष्कळ पोखरला, वेरूळचा त्या मानानं वाचला, त्याचं एक कारण हे धागे.

अजिंठ्याच्या चित्रांना किड्यांइतकाच त्रास माणसाच्या चांगल्या हेतूंनी झाला. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून वर्षानुवर्षं प्रतिकृती केल्या; त्यांतल्या बऱ्याच 1885 मध्ये लंडनला आगीत जळाल्या. 1920 नंतर निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं पक्की करायला लाखेचा लेप दिला. तो पुढं पिवळा-तपकिरी पडला आणि मूळ रंग झाकोळले. लेप हळूहळू काढून खरा रंग वर आणण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्यांनी केलं. छतावरचा निळा आज जितका दिसतो, त्यात त्यांच्या हातांचा वाटा मोठा आहे.

संभाजीनगरात एक दालन असावं असं मला मनापासून वाटतं. नेवाशाची खापरं, घारापुरीचा डांबर लिंपलेला रांजण, बेग्रामच्या पेल्यांच्या प्रतिकृती, लाजवर्दाचा एक खडा, भाताच्या तुसाच्या गिलाव्याचा नमुना आणि छताच्या त्या चौकटीची मोठी प्रत, सगळं एका खोलीत. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून जिथं बिअरचे ट्रक भरून बाहेर पडतात, त्या शहराला आपल्या मद्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास एका ठिकाणी पाहायला मिळायला हवा. तोवर अजिंठ्याला जाल तेव्हा पहिल्या लेण्यात मान वर करा, आणि तिथल्या कर्मचाऱ्याला छताकडे दिवा धरायला सांगा.