आठवडे बाजाराच्या धर्तीवर खाद्यदालन

आठवडे बाजारात भजी, मिसळ, पिठलं-भाकरीच्या पालांपुढे गर्दी होते. हीच विक्री पक्क्या छपराखाली आणून खाद्यदालन चालवावे, असा विचार काही शेतकरी गट व महिला बचत गट करतात. विचार चांगला आहे. मात्र पुष्कळदा सारा पैसा फरशी व रंगरंगोटीत जातो आणि चूल मागच्या खोलीत ढकलली जाते. गिऱ्हाईक थांबते ते डोळ्यांदेखत भाजल्या जाणाऱ्या भाकरीपाशी, हे विसरून चालणार नाही.

सिंगापूरमध्ये १९७१ ते १९८६ या काळात रस्त्यावरील विक्रेत्यांना पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत हलविण्यात आले. लहान गाळे, सामाईक बैठक आणि एका गाळ्यात मोजकेच पदार्थ, ही तेथील रचना. हलविलेल्या विक्रेत्यांना भाड्यात सवलत दिली गेली. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

आपल्याकडेही खरी अडचण भाड्याचीच आहे. बाजारात पाल टाकणारी बाई त्या दिवसाची पावती फाडते. घरी पेरणी-काढणी असली की येत नाही. तिच्यावर महिन्याचे ठरीव भाडे लादले, तर दोन हंगामांत गाळा एखाद्या व्यापाऱ्याकडे जाईल. म्हणून निदान निम्मे ओटे दिवसाच्या पावतीवर ठेवावेत.

चुली दर्शनी बाजूस, पण वाऱ्याच्या खालच्या अंगाला घ्याव्यात आणि आढ्याशी धूर जाण्यास वाट ठेवावी. जमिनीस दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार द्यावा. तेलकट पाणी गटारात सोडण्यापूर्वी तवंग अडविणाऱ्या कुंडीतून न्यावे. हात धुण्याचा नळ बैठकीजवळच हवा. लांब असला की कोणी जात नाही. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांखाली थंड ठेवावे, कारण मधल्या तापमानात रोगजंतू झपाट्याने वाढतात. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी प्रत्येक विक्रेत्याने आधीच करून घ्यावी.

प्रवेशाजवळची एक रांग कच्च्या मालासाठी राखावी. भरीत खाऊन उठलेले गिऱ्हाईक जाताना तीच वांगी घेऊन जाते, आणि तेथे मधला अडत्या नसतो. जागा अपुरी पडत असेल, तर बैठक कमी करावी, ही रांग नव्हे.