चार प्लग, पाच तारा

घरातले जुने माणूस आणि घरातली जुनी मोटार यांत एक मोठे साम्य आहे. दोघांनाही औषध सुचविणारे पुष्कळ भेटतात. नेमके दुखते कुठे, हे विचारणारे थोडे. सकाळी गाडी सुरू होईना की कुणी म्हणतो बॅटरी बदला, कुणी म्हणतो कार्बोरेटर उघडा, आणि एखादा सरळ म्हणतो, "विकून टाका हो एकदाची!" वास्तविक पुष्कळदा सारी तक्रार असते चार प्लगांची आणि पाच तारांची. चार सिलिंडरांचे चार प्लग, त्यांना डिस्ट्रिब्यूटरपासून वीज नेणाऱ्या चार तारा, आणि कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरपर्यंत येणारी पाचवी. एवढ्याशा संसारावर सगळ्या गाडीचा मान अवलंबून असतो.

मी मराठीचा प्राध्यापक. वृत्तात मात्रा कमी पडली तर मला चटकन कळते; इंजिनात ठिणगी कमी पडली तर कसे ओळखावे, हे मला आमच्या काकांच्या गाडीने शिकविले.

आमचे मूळ घर मालवण तालुक्यातल्या आचरा गावी. काका-काकू बारा महिने तिथेच असतात, आणि मांगरात त्यांची 'प्रीमियर पद्मिनी' उभी असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट ११०० तयार होई; पुढे तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सी.सी.चे साधे, समजूतदार इंजिन. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळीपिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळून मजकूर छापला. काका म्हणाले, "मुंबईची गेली असेल. आमची आहे!"

आता आचऱ्यात गाडी बंद पडून चालत नाही, असा एक प्रसंग येतो. दर चार-पाच वर्षांनी श्रीदेव रामेश्वराच्या कौलाने गावपळण होते. माणसे, गुरे, कोंबड्या, सगळे काही घेऊन अख्खा गाव तीन दिवस शिवेबाहेर राहायला जातो. घरांना कुलपे, रस्ते ओस. झापांच्या झोपड्यांतून संसार थाटतात. मुलांना तो सोहळाच वाटतो. पण काकूंचे गुडघे आता टेंपोत चढण्याजोगे राहिलेले नाहीत. पद्मिनीची पुढची सीट हेच त्यांचे वाहन. आणि गेल्या गावपळणीला दहा दिवस उरले असताना पद्मिनी मिसिंग मारू लागली. चढावर धडधड, थांबल्यावर थरथर, आणि सकाळी दहा मिनिटे विनवण्या.

काकांनी निदान केले, "प्लग गेले. चांगले महागातले आणू या." मी गावच्या मेस्त्रींना बोलावले. साठी उलटलेला, थोडके बोलणारा माणूस. त्यांनी चारही प्लग खोलून ओट्यावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "मास्तरानू, प्लग बोलतत. आयकूक येवक व्हया."

वाचकहो, हे अक्षरशः खरे आहे. प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, किंवा गाडी फार थोडी चालते. टोक तेलकट ओले असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल वर येते आहे. पांढरे, फोड आल्यासारखे दिसले तर प्लग भलताच तापतो आहे. आणि नुसत्या पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगीच पडत नाही.

काकांचे तीन प्लग काजळीने काळे होते. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र पेट्रोलने ओला. काजळीचे कारण उघड होते. चोक ओढून गाडी काढायची, बाजारापर्यंत जायचे नि परत यायचे. प्लगचे टोक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. ८५० अंशांच्या वर गेले तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटू लागते. या दोन मर्यादांच्या मध्ये प्लगने राहायचे असते. काकांची गाडी तापण्याआधीच घरी येई.

प्लग निवडताना पाहायचे ते हेच. आपल्या इंजिनात तो या दोन मर्यादांच्या आत राहतो का? इंजिनाला उष्णता लवकर सोडणारा तो 'थंड' प्लग, सावकाश सोडणारा तो 'गरम'. हा गुण प्लगवरच्या आकड्यात सांगितलेला असतो, पण प्रत्येक कंपनीची बाराखडी निराळी. एन.जी.के.चा आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशच्या आजच्या क्रमांकात आकडा वाढला की गरम होतो. १९५१ साली बंगलोरला सुरू झालेल्या मायकोचे जुने प्लग अजून कुणाच्या कपाटात निघतात. त्यांवर १७५, २२५ असे आकडे असत, आणि तिथे मोठा आकडा म्हणजे थंड! तीच कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने चालते. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीच्या दुकानात सांगू नये. गाडीचे पुस्तक आणि कंपनीचा तुलनातक्ता, या दोघांची साक्ष घ्यावी.

आकड्याच्याही आधी पाहायचे ते आटे. १४ मिलिमीटर व्यासाच्या प्लगांत आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर असते, तशी १९ही असते. आखूड प्लग लांब भोकात बसतो खरा, पण ठिणगी आत खोपच्यात पडते आणि उरलेल्या आट्यांत काजळी भरते. उलट, लांब प्लग आखूड भोकात बसविला तर पिस्टन त्याला धडकू शकतो. मी तालुक्याच्या बाहेर एका दुकानात गेलो, तर दुकानदाराने "सगळ्यांना हेच चालतात" म्हणून चार प्लग पुढे टाकले. खिशातला जुना प्लग मी शेजारी उभा केला. नव्याचे आटे चांगलेच आखूड होते. जुना नमुना खिशात घेऊन जावा, हा धडा कुठल्याही तक्त्याहून उपयोगी आहे.

काकांना हवे होते ते इरिडियमचे प्लग. ते वाईट नव्हेत, टिकतातही पुष्कळ. पण त्यांचे दीर्घायुष्य फळते ते नव्या इंजिनात. जिथे कार्बोरेटर पेट्रोल सैल हाताने सोडतो आणि रिंगा म्हाताऱ्या झाल्या आहेत, तिथे प्लग झिजण्याआधी काजळीनेच बाद होतो. तेव्हा साधा, तांब्याच्या गाभ्याचा प्लग घ्यावा आणि वेळेवर बदलावा. त्याची गॅप मात्र फिलर गेजने मोजावी. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत ती साधारण ०.६ मिलिमीटर असते. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत १ मिलिमीटरच्या आसपास. गॅप वाढली की ठिणगीला अधिक दाब लागतो, आणि तो दाब तारेतली फट शोधू लागतो.

इथेच आमच्या तिसऱ्या सिलिंडरचे रहस्य होते. मेस्त्री त्या दिवशी काही बोलले नाहीत. "रात्री येतंय" एवढेच म्हणाले. रात्री मांगरातला दिवा मालवून, बॉनेट उघडून त्यांनी गाडी सुरू केली. अंधारात तिसऱ्या तारेवरून इंजिनाच्या हेडवर निळी ठिणगी टपटप उडत होती! प्लगकडे जाणारी वीज वाटेतच पळत होती. कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. ३००० फेऱ्यांवर प्रत्येक प्लगला मिनिटात १५०० ठिणग्या लागतात. तारेच्या कातडीत केसाएवढी भेग असली, आणि तीत आचऱ्याची खारी हवा नि पावसाचा दमटपणा शिरला, की वीज प्लगपर्यंत जातेच कशाला? प्लग बदलून हा रोग कधीच गेला नसता. (अशा चालू तारांना हात मात्र लावू नये, धक्का जबर असतो.)

तारा घेताना पाचही एकदम घ्याव्यात. किनाऱ्यावर सिलिकोनचे आवरण चांगले. ते उष्णता सोसते आणि लवकर तडकत नाही. आतला गाभा तांब्याचा किंवा कार्बनचा असतो. कार्बनचा गाभा विजेला थोडा अडवतो, त्यामुळे रेडिओतली खरखर कमी होते. प्लगवर 'आर' हे अक्षर असले तर तोही अडवतो. जुन्या कॉइलच्या गाडीत तार, टोपी आणि प्लग अशा तिन्ही ठिकाणी अडथळा ठेवला तर ठिणगी अशक्त होते. अडथळा एका ठिकाणी पुरे.

बसविताना एक तार काढावी, नवी लावावी, मग दुसरी. पद्मिनीचा पेटण्याचा क्रम १-३-४-२. चारही तारा एकदम काढल्या तर कोण कुणाची, हे शोधण्यात दुपार जाते. प्लग गार इंजिनावर, आधी हातानेच फिरवून बसवावा. नव्या वॉशरसकट घट्ट झाला की पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. जोर दाखवायची ही जागा नव्हे.

नेमून दिलेल्या दिवशी पद्मिनी पहिल्या चावीला सुरू झाली, आणि काकू पुढच्या सीटवर बसून शिवेबाहेर गेल्या. काकांनी आता एक नेम केला आहे. आठवड्यातून एकदा गाडी चांगली अर्धा-पाऊण तास चालवून आणायची, म्हणजे काजळी जळून जाते. हल्ली पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण थोडे पातळ होते आणि प्लग पांढुरका दिसू लागतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एखादा प्लग खोलून त्याचा रंग पाहणेही आले.

जुन्या गाडीला महाग वस्तू लागत नाही, जुळणारी लागते. ती कोणती, हे दुकानदाराच्या आधी जुना प्लग सांगतो. तेव्हा तुमच्या दारात अशी एखादी म्हातारी उभी असेल, तर पैशाच्या पाकिटाला हात घालण्यापूर्वी प्लगपाना हाती घ्या.