कच्चं प्रूफ

आमच्या मजल्यावरचे काका निवृत्त मुद्रितशोधक आहेत. डोंबिवलीहून लोकलने भायखळ्याच्या छापखान्यात जाऊन त्यांनी तीसेक वर्षं प्रुफं तपासली. गेल्या दिवाळीच्या सुमारास जुना लॅपटॉप काखेत मारून ते आमच्याकडे आले. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला होता आणि विंडोज ११ला लागणारी सुरक्षा-चिप या यंत्रात नव्हती. दुकानदार म्हणाला होता, "नवीनच घ्या." काकांचं म्हणणं, चालतंय ते टाकायचं कशाला?

माझ्याकडे पेन ड्राइव्हवर एका मुक्त डेस्कटॉपची चाचणी आवृत्ती होती. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं की हार्ड डिस्कला धक्का न लावता सगळं पाहून घेता येतं. भाषा मराठी निवडली, हवामानाच्या चौकटीत ठाणं निवडलं आणि लॅपटॉप काकांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'ठाणेमध्ये ३१ अंश'.

"कुणी जुळवलंय हे?" काकांनी विचारलं. "ठाण्यात! ठाणेमध्ये कोण म्हणतं?"

"काका, हे अजून प्रूफ आहे."

"असं होय? मग लाल पेन दे."

चाचणी आवृत्ती म्हणजे काय, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

पेन ड्राइव्हवर जे होतं, त्यात लिनक्स हे आतलं इंजिन. आपल्याला दिसतात त्या खिडक्या, मेनू, खालची पट्टी, फाईली उघडायची जागा, या सगळ्या संसाराला म्हणायचं डेस्कटॉप. मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जगात असे बरेच आहेत, पण मोठी घराणी दोन. मथियास एट्रिश या ट्युबिंगेनच्या विद्यार्थ्याने १४ ऑक्टोबर १९९६ला केडीईची घोषणा केली. तारखांचा योग असा, की त्याच दिवशी बरोबर एकोणतीस वर्षांनी विंडोज १०चा आधार संपला. केडीई ज्या क्यूट नावाच्या पायावर उभं होतं, त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. म्हणून मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी ऑगस्ट १९९७मध्ये ग्नोमची मुहूर्तमेढ रोवली. पुढे क्यूटही मुक्त झालं, पण तोवर दोन चुली झाल्या होत्या. त्या आजही स्वतंत्र आहेत, आणि एकमेकींच्या रश्श्याची चव बघत असतात.

ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. केडीईच्या डेस्कटॉपचं नाव प्लाझ्मा. जानेवारी २००८मध्ये केडीई ४.० आलं तेव्हा त्यात अर्धं घर बांधायचं बाकी होतं. करणाऱ्यांना ते ठाऊक होतं. पण आकडा गोल दिसल्यावर लोकांनी ते राहायला तयार घर समजून घेतलं आणि मग जी बोलणी बसली, ती वर्षानुवर्षं पुरली. प्लाझ्मा ६च्या वेळी म्हणून घाई झाली नाही. ८ नोव्हेंबर २०२३ला अल्फा निघाली. २९ नोव्हेंबर आणि २० डिसेंबरला दोन बीटा निघाल्या, १० आणि ३१ जानेवारीला प्रकाशनासाठीच्या दोन उमेदवार आवृत्त्या, आणि पक्की आवृत्ती २८ फेब्रुवारी २०२४ला.

काकांना ही उतरंड समजावून सांगावीच लागली नाही. "अल्फा म्हणजे गॅली," ते म्हणाले. मजकूर जुळलाय, पानं पडायची आहेत. बीटा म्हणजे पानांचं प्रूफ: आता लेखकाने नवा परिच्छेद घुसडायचा नाही, फक्त चुका काढायच्या. आणि उमेदवार आवृत्ती म्हणजे मशीनप्रूफ. फर्मा यंत्रावर चढलाय, पहिला कागद हातात आलाय. नाव चुकलं असेल तरच यंत्र थांबवायचं, स्वल्पविरामासाठी नाही.

प्लाझ्मा ६च्या फर्म्यात बदल मोठे होते. पाया क्यूट ६चा झाला. पडद्यावर खिडक्या रंगवण्याचं काम १९८७पासून एक्स ११ ही व्यवस्था करत आली आहे. तिच्या जागी वेलँड हा नेमाचा पर्याय झाला. फाईल एका टिचकीत उघडायची ती आता दोन टिचक्यांनी उघडू लागली. शेवटच्या उमेदवार आवृत्तीची शाई वाळते न वाळते तोच, २ ते ४ फेब्रुवारीला, केडीईची भारतीय परिषद पुण्यात भरली, सीओईपी या १८५४ सालच्या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात. कल्याणला सकाळची इंद्रायणी पकडली तर तीन तासांच्या आत माणूस पुण्यात. एरवी बर्लिन-बार्सिलोनातली वाटणारी गोष्ट घाट चढून गेल्यावर लगेच होती.

आता 'ठाणेमध्ये'कडे येऊ. मुक्त सॉफ्टवेअरमधला अनुवाद साध्या मजकूर-फाईलींत असतो. वरच्या ओळीत मूळ इंग्रजी वाक्य, खालच्या ओळीत मराठी. बदलणाऱ्या नावाच्या जागी एक खूण असते, तिथे यंत्र आयत्या वेळी नाव भरतं. हिंदीत हे निभून जातं, कारण 'में' नावापासून सुटा राहतो. मराठीत प्रत्यय नावाला चिकटतो आणि चिकटण्याआधी नावाचं रूप बदलतो. यंत्राला सामान्यरूप येत नाही. म्हणून अनुवादक 'त' टाळून 'मध्ये' लावतो आणि देवावर हवाला ठेवतो. आमच्या पट्ट्यातच त्याची परीक्षा होते. कल्याणमध्ये चालतं. डोंबिवलीमध्ये चालतं. ठाण्याला गाडी रुळावरून घसरते. इलाज सोपा आहे: वाक्य मोडून 'ठाणे: ३१ अंश' असं लिहायचं. पण तो सुचायला आधी कुणाला तरी 'ठाणेमध्ये' खटकावं लागतं.

लिंगाचंही तेच. 'हटवला' की 'हटवली'? फोल्डर गेला, फाईल गेली, चित्र गेलं; इंग्रजीला तिन्हींना एकच शब्द पुरतो. 'हटवण्यात आले' असं सरकारी नपुंसकलिंग वापरून अनुवादक बहुतेकदा सुटका करून घेतो. शिवाय शब्दांचे वाद आहेतच. फाईल, धारिका की संचिका? सेव्ह करा, साठवा की जतन करा? एकाच पडद्यावर तिन्ही दिसले तर माणूस बावचळतो. नेहमीचे शब्द तरी सगळीकडे एक असावेत म्हणून रेड हॅटच्या पुढाकाराने फ्युएल हा प्रकल्प २००८मध्ये सुरू झाला. काकांचा निकाल छापखान्यातला होता: "आम्ही प्रूफच म्हणायचो. मुद्रित फक्त पगारपत्रकावर." आमचे लोक तरी फलाटावर उभं राहून प्लॅटफॉर्मच विचारतात.

मग अक्षरं. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी 'ॲप' लिहायचं तर जुगाड करावा लागे. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं ठरवून दिली. चांगल्या फॉन्टात मराठी आणि हिंदी वळणाचे दोन्ही आकार असतात, पण हा मजकूर मराठी आहे असं प्रोग्रामने सांगितलं तरच मराठी आकार उमटतो. नाहीतर मराठी वाक्य हिंदी कपडे घालून समोर येतं. आमच्या पडद्यावर तेच झालं होतं. काकांनी कागदावर दोन्ही ल काढले आणि एकावर काट मारली.

हे तपासतं कोण? बीटाच्या आसपास मूळ इंग्रजी मजकूर गोठवतात, म्हणजे अनुवादकांच्या पायाखालची जमीन हलत नाही. त्यापुढे मिळतात ते मोजके आठवडे. मराठीसाठी हे काम करणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही नोकरी-घर सांभाळून, फुकट. त्यांनी जुळाऱ्याचं काम केलेलं असतं. प्रूफ वाचायला दुसरा डोळा लागतो. तसा डोळा आमच्याकडे आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. छापील मराठीतली चूक पकडून संपादकाला पत्र टाकणारा वाचक या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाला. एका ऱ्हस्व-दीर्घासाठी पोस्टकार्ड खर्च करणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. पडद्यावरच्या मराठीपुढे मात्र हाच वाचक चूक दिसली की मुकाट्याने भाषा इंग्रजी करून टाकतो. तक्रार येत नाही, म्हणून चूक राहते. चूक राहते, म्हणून मराठी कुणी लावत नाही.

तक्रार करायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. कोणती आवृत्ती, कुठे टिचकी मारली, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, एवढं नीट लिहिता आलं आणि पडद्याचं चित्र जोडलं की झालं. काकांनी चार दिवसांत फुलस्केपची दोन पानं भरली, समासात जुन्या प्रूफ-खुणांसकट. मी त्याच्या अकरा नोंदी केल्या आणि पाठवल्या.

दहा बाबतींत नुसती पोच आली. अकराव्या नोंदीत काकांनी लिहिलं होतं की एका जागी 'ऱ्य' हवा तिथे 'र्य' उमटतो, डोक्यावर रफार चढतो. त्यावर पलीकडून कुणीतरी सौजन्याने विचारलं: दोन्ही चित्रं पाहिली, अक्षरांत थोडा फरक दिसतो, पण त्याने वाचणाऱ्याला काही अडतं का?

मी उत्तर जुळवत बसलो होतो. काकांनी कागद ओढला, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'दर्या' लिहून खाली लाटा काढल्या. उजवीकडे 'दऱ्या' लिहून खाली दोन डोंगर आणि मधला खोलगा. क्षणभर थांबून डोंगरावर चढणारी एक छोटीशी आगगाडीही काढली.

"फोटो काढ याचा," म्हणाले, "आणि खाली लिही, ही गाडी डावीकडे गेली तर बुडेल."